पहिली बादली

बाबांनी आयुष्यात स्वतःसाठी फार काही मागितलं नाही. कपडा मिळेल तो, भाजी होईल ती, खाट धड आहे ना, मग झालं. हट्ट एकच. सकाळी आंग धुवायला कडकडीत पाणी पाहिजे. आमच्याकडे आंघोळीला आंग धुणंच म्हणतात. आणि हा हट्टही चैनीचा नव्हता. पन्नास-साठ वर्षं धानाच्या चिखलात वाकून त्यांच्या हाताची बोटं आखडली होती. हिवाळ्यात सकाळी उठले की दोन्ही मुठी अर्ध्या मिटलेल्या. गरम पाण्याचे पाच-सहा मग हातांवर पडले की एकेक बोट सुटायचं, मग सदऱ्याची बटणं लागायची, मग माणूस कामाला लागायचा. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत असूनही ते पाणी मी त्यांच्यापासून काढून घेतलं. वीज वाचवायची, पाणी वाचवायचं, असं म्हणत काढून घेतलं आणि वर गावभर छाती फुगवून फिरलो.

सोलर यायच्या आधी पाणी तापवायचं खातं बाबांकडेच होतं. घरामागच्या सांदवाडीत, भाजीपाल्याच्या वाफ्याशेजारी, त्यांची कोंड्याची शेगडी होती. शेगडी म्हणजे तेलाचा रिकामा पिपा, खाली एका बाजूला भोक पाडलेला. संध्याकाळी ते पिप्याच्या मधोमध एक गोल दांडा उभा धरायचे, खालच्या भोकातून दुसरा आडवा सारायचे, आणि भोवती राइस मिलमधून आणलेला धानाचा कोंडा दाबून दाबून भरायचे. मग दोन्ही दांडे हळूहळू फिरवत ओढून काढायचे. आत वाट तयार. पहाटे खालून पेटती चिंधी सारली की दोन तास बघायची गरज नाही, कोंडा आतल्या आत लाल होत राहतो. ऐकायला सोपं वाटतं. सैल भरला तर ढासळतो आणि विझतो, जास्त दाबला तर नुसता धूर. मी दोनदा भरून पाहिली आणि दोन्ही वेळा घरादाराला खोकायला लावलं.

त्या पिप्यावर तांब्याचा गुंड, म्हणजे मोठा हंडा, चढायचा. पहिला गुंड उतरला की बाबांची हाक यायची, "पानी झालं, उठा बे!" आधी माझी मुलगी, मग माझी बायको, मग मी. बाबा शेवटी. पण शेवटचं पाणी सगळ्यात कडक असायचं, कारण तोवर शेगडी पुरती रंगात आलेली असायची. वाफा निघणारं पाणी अंगावर घेत ते "आहाहा" करायचे. देवाचं नाव नाही, काही नाही, नुसतं "आहाहा".

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ऊर्जाबचत हा माझा आवडीचा धडा. वर्गात शिकवतो आणि घरी येऊन पुन्हा शिकवतो, हा माझा जुना रोग आहे. खोलीत माणूस नसताना पंखा फिरताना दिसला की माझा पारा चढतो. बायको म्हणते, "तुमच्या हाती असतं तं तुमी चंद्रबी पौर्णिमेले अर्धाच लावला असता." म्हणो बापडी.

आम्ही घराला स्लॅब टाकला, मागच्या भिंतीला पांढुरका रंग दिला, आणि महिन्याभरात त्या भिंतीवर शेगडीच्या धुराचा काळा पट्टा उमटला. माझं डोकं सणकलं. धूर छातीला वाईट, रंग खराब होतो, आजकाल कोण कोंडा जाळतं, अशी सगळी कारणं एकदम सुचली. सोलर बसवायचं ठरलं. बाबांना विचारलं नाही. एका दुपारी ते शेतात गेलेले असताना दारावर कबाडी आला आणि मी तो पिपा त्याच्या गाडीवर चढवून दिला.

संध्याकाळी बाबा कोंड्याचं पोतं घेऊन सांदवाडीत गेले आणि तसेच परत आले.

"बाबू, माहा पिपा कुठी गेला?"

"कबाड्याले देऊन टाकला. आता सोलर येऊन राहिला नं."

त्यांनी पोतं खाली ठेवलं. मग म्हणाले, "दांडे तं नाही नं देले?"

दांडे राहिले होते. मोहाच्या लाकडाचे, हातांनी घासून गुळगुळीत झालेले. त्यांनी ते उचलले आणि आपल्या खाटेखाली ठेवले. गुंड मात्र बायकोने चिंचेने लख्ख घासला आणि बैठकीत नेऊन ठेवला, त्यात प्लॅस्टिकची फुलं. येणारे-जाणारे म्हणायचे, वा, काय सुंदर दिसते.

सोलर बसवायला भंडाऱ्याहून एक मिस्त्री आला होता. वयस्कर, मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "गुरुजी, टाकीपासून न्हाणीपर्यंत नवा बारीक पाइप टाका, सरळ खाली आणा, अन् वरून गुंडाळून घ्या. नाही तं पाइपातलं पानी थंड होत राहीन." मी त्याच्याकडे असं पाहिलं जणू तो माझ्याच वर्गातला आहे. जुन्या बोअरचा जाड लोखंडी पाइप घरी पडून होता, तो वाया कशाला घालवायचा? आणि पुढच्या भिंतीवरून पाइप आणला तर घराची शोभा जाते. म्हणून तो जाड पाइप मी घराला मागून वळसा घालून, साठ-सत्तर फूट फिरवून न्हाणीत आणायला लावला. मिस्त्रीने मान हलवली आणि सांगितलं तसं करून दिलं.

सोलर लागला. काचेच्या नळ्या चमकायला लागल्या, मी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. हिवाळा आला तेव्हा मिस्त्रीचं म्हणणं कळलं. रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी सकाळी बर्फासारखं यायचं. पूर्ण एक बादली थंड निघून गेली की मग गरम. आणि गरम म्हणजे तरी काय, धुक्याच्या दिवसांत सकाळी नळाला येणारं पाणी अंगाला बरं वाटेल इतपतच. त्यात थंड मिसळायची सोय नाही. मिसळलं की दोन्ही बादल्या वाया.

एका सकाळी बायको ती पहिली बादली मोरीत ओतताना मला दिसली. झालं! मी सुरूच झालो. पाणी मोटरने चढतं, मोटर विजेवर चालते, म्हणजे हे पाणी फेकणं म्हणजे वीज फेकणं आहे. शाळेत मी पोरांना शिकवतो आणि माझ्याच घरी हा प्रकार! शेजारी ऐकतील इतका आवाज. त्याच तिरीमिरीत लाल ऑइलपेंट आणला आणि बादलीच्या आत काठाच्या दोन बोटं खाली रेघ मारली. इथपर्यंत थंड येणार, त्यानंतर गरम. हे थंड पाणी फेकायचं नाही. झाडांना घाला, फरशीला घाला, काय वाटेल ते करा. आणि टाकी शंभर लिटरची आहे, भांडी-कपडे त्यातच, तेव्हा माणशी एक बादली. एक म्हणजे एकच.

"अन् पहाटे पाच वाजता झाडाले पानी कोन घालन जी?" बायकोने विचारलं.

"जो आधी नळ उघडन, त्यानं पाहाचं," मी म्हणालो.

असा नियम केल्यावर आधी नळ कोण उघडणार? मुलगी म्हणे आधी आईला जाऊ दे. आई म्हणे तुझी शाळा आहे, तू जा. मी पेपर वाचत बसायचो आणि दोघींच्या नंतर जायचो, नियम करणाऱ्याला नियम लागत नाहीत. तीन-चार दिवस घरात हेच. साडेसात वाजून जायचे आणि न्हाणी कोरडी. बाबा ओसरीवर खाटेवर बसून सगळं ऐकत होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री जेवताना ते म्हणाले, "उद्यापासून पयला नंबर माहा. मले तं पाचालेच जाग येते. रिकामा बसून काय करू?"

बायको म्हणाली, "मामाजी, पण पयलं पानी थंड येते." आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात.

"ते टाकतो नं मी टमाटराले. तुमी कायले फिकर करता?"

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून कटकट संपली. आम्ही उठायच्या आत बाबांचं आंग धुऊन झालेलं असायचं. मुलगी नळ उघडायची, गरम. बायको उघडायची, गरम. मी उघडायचो, गरम. मोरीत एक थेंब वाया नाही. मला वाटलं, बघा, माणसाला एकदा नीट खडसावलं की वळण लागतं. शाळेत मी हा किस्सा सांगितला. आमच्या घरी बादलीला रेघ आहे, म्हटलं, पहिली बादली टमाटरांना जाते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आता आठवल्या की कानशिलं तापतात.

त्याच हिवाळ्यात बाबांना देव आठवला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. पहाटे न्हाणीतून मोठ्याने आवाज यायचा, "हर हर गंगे! हर हर गंगे!" जे बाबा देवळात फक्त काल्याच्या जेवणाला जायचे, ते रोज सकाळी गंगेला हाका मारायला लागले. मुलगी पांघरुणात हसायची आणि आपल्या आबाजींची नक्कल करायची. बायकोला बरं वाटलं, म्हणाली, उतारवयात माणसानं नाव घ्यावंच. मी त्यांची थट्टा करायचो.

"काय बाबा, काशीले जाची तयारी करून राहिले का?"

ते हसायचे. "वय झालं नं बाबू आता."

बाप्पा, मी खेड्यात वाढलेला माणूस! थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला की तोंडातून आपोआप "हर हर गंगे" निघतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. विहिरीवर, नदीवर, तळ्यावर आम्ही सगळे तसेच ओरडत मोठे झालो. गरम पाण्याने आंग धुणारा गंगेला कशाला बोलावेल? पण मला ते भक्तीचं वाटलं. घरी सोलर होता ना, मग थंडीचा प्रश्नच कुठे येतो!

आणखी गोष्टी दिसत होत्या. आंग धुऊन झालं की बाबा पूर्वेच्या भिंतीला टेकून ऊन यायची वाट बघत बसायचे, नऊ-नऊ वाजेपर्यंत. बटणं लावून द्यायला नातीला हाक मारायचे. "ये वो पोट्टे, माही बटनं लाव." ती लावून द्यायची आणि बदल्यात गोळीला पैसे मागायची. टमाटरांचे वेल त्या वर्षी सुकले होते, तेही मी पाहिलं होतं. पाहिलं आणि म्हटलं, कीड लागली असेल.

दुसऱ्या हिवाळ्यात बोटं फारच आखडली तेव्हा मी त्यांना तालुक्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने हात हातात घेऊन पाहिले आणि विचारलं, "बाबा, थंड पाण्याने तर आंघोळ नाही करत?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "नाही डॉक्टरसाहेब, आमच्या घरी सोलर आहे."

डॉक्टरने बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो जी, सोलर हाये. पोरानं लावला."

परत येताना मोटारसायकलवर ते माझ्या मागे बसले होते. त्यांची अर्धवट मिटलेली मूठ माझ्या खांद्यावर होती. मी त्यांना सोलरचे फायदे सांगत होतो.

त्या हिवाळ्याच्या शेवटी बाबा गेले. दुपारी जेवून खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं, वय झालं होतं. थंड पाण्याने गेले असं कोणी म्हणालं नाही, मीही म्हणत नाही. तेवढी सोपी शिक्षा मला मिळणार नाही.

आमच्याकडे मयताला अंगणात आंग धुऊन देतात, कोमट पाण्याने. मी न्हाणीकडे बादली घेऊन निघालो तर भावकीतली एक म्हातारी काकू म्हणाली, "नळाचं नाही चालत बाबू, इस्तवावरचं पायजे." मग बैठकीतल्या गुंडातली प्लॅस्टिकची फुलं काढली. अंगणात तीन विटा मांडल्या, लाकडं पेटवली, गुंड चढवला. पाणी तापलं. मी बाबांच्या हातांवर ते पाणी ओतलं, खांद्यांवर ओतलं. बोटं सुटली नाहीत.

तेरवीपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, नळ दिवसभर वाहत होता. तेरवी झाली, पाहुणे गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी न्हाणीतून किंचाळली, "पप्पा, सोलर बिघडला! बरफ येऊन राहिला!"

मी मिस्त्रीला फोन केला. दुपारी तो आला, जिन्याने वर गेला, टाकीचा नळ सोडून हात धरला. "टाकी तं गरम आहे जी," म्हणून खाली आला. न्हाणीत गेला, बादली पाहिली.

"ही लाल रेघ कायची आहे, गुरुजी?"

मी सांगितलं. नियमासकट सांगितलं.

"मंग बिघडलं काहीच नाही," तो म्हणाला. "रातभर थांबलेलं पानी तं थंडच येईन. पयली बादली थंड येनारच. आतापर्यंत हे कोन काढत होतं?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात पिठाची परात होती, ती तिने खाली ठेवली. माणशी एक बादली. एक म्हणजे एकच. बाबांनी पहिला नंबर घेतला होता, म्हणजे त्यांची एक बादली कोणती, हे गणित माझ्या वर्गातल्या पाचवीच्या पोरानेही सोडवलं असतं. दोन हिवाळे. अंगणातल्या विटांवर तापलेलं ते पाणी दोन हिवाळ्यांतलं त्यांचं पहिलं गरम पाणी होतं.

"हे नीट करता येईल का?" मी विचारलं.

"येते नं. बारीक पाइप टाकू, सरळ खाली आनू, वरून गुंडाळून देऊ. दोन मगात गरम येईन." त्याने भिंतीकडे पाहून हिशेब केला. "अर्ध्या दिवसाचं काम आहे."

अर्ध्या दिवसाचं! त्याने पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, चार दिवसांनी ये. काहून, ते त्याने विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी पाचला उठलो. ओसरीवरची खाट रिकामी होती, तिच्याखाली ते दोन दांडे तसेच पडलेले होते. बाहेर अजून गारठा होता. न्हाणीत जाऊन नळ उघडला, लाल रेघेपर्यंत बादली भरली, नळ बंद केला. कपडे काढून पाटावर बसलो. ठरवलं होतं की तोंडातून ब्र काढायचा नाही. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, मी पन्नाशीचा आहे, शिक्षा घ्यायची तर गुपचूप घ्यायची.

पहिला मग खांद्यावर ओतला. श्वास अडकला, छातीत कळ आली, आणि माझ्या तोंडातून, माझी परवानगी न घेता, मोठ्याने निघालं, "हर हर गंगे!"

आतल्या खोलीत मुलगी झोपेतून जागी झाली. तिचा आवाज आला, अर्धवट झोपेतला, खूश होऊन मारलेल्या हाकेचा.

"आबाजी?"

मग तिला आठवलं असावं. भिंतीपलीकडे बायको उठून बसल्याची चाहूल लागली.

मी दुसरा मग भरून हातात धरला. बराच वेळ धरला. तो मला अंगावर घेता आला नाही.